‘लई भारी’च्या पुढे काय?

कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि टाऊन हॉल ज्यानं आखला, तो मेजर चार्ल्स मँट ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर. ऐन चाळिशीत, 1881 साली तो वारला. काळ्या घोटीव दगडातला राजवाडा पुढे 1884 च्या सुमारास पुरा झाला. मँटला तो बघायला मिळाला नाही. त्याच्या अखेरच्या दिवसांची एक गोष्ट वास्तुकलेच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचं काम त्याच्याकडे होतं. आपली आकडेमोड चुकली आहे, आपण आखलेल्या इमारती कोसळणार, या धास्तीनं त्याला घेरलं आणि त्यातच त्याचं मन ढासळलं. बडोद्याचं काम रॉबर्ट चिझमनं पूर्ण केलं. इमारती आजही जागच्या जागी आहेत.

या गोष्टीत मीठमसाला असेलही. पण डिझाइनचं काम करणाऱ्या कुणालाही ती खोटी वाटणार नाही. कागदावर आखलेली वस्तू प्रत्यक्षात येण्याआधी तिच्यात काय चुकलंय, हे आखणाऱ्याला एकट्याला दिसत नाही. आणि काय बरोबर आहे, हेही दिसत नाही. मँटला त्या वेळी दोन प्रकारच्या माणसांचा काही उपयोग झाला नसता. एक, ‘साहेब, तुमचं कधी चुकेल का?’ असं म्हणणारा. दुसरा, ‘मला आधीपासूनच शंका होती’ असं म्हणणारा. त्याला हवा होता शेजारी खुर्ची ओढून बसणारा तिसरा माणूस. ‘कुठल्या भिंतीची काळजी वाटते? आकडे काढा, एकेक तपासू. ही बरोबर आहे. हीही बरोबर आहे. या कमानीपाशी मात्र मला पुन्हा बघायचंय,’ असं सांगणारा.

डिझाइन टीममध्ये चांगला अभिप्राय म्हणजे हा तिसरा माणूस. तो नशिबानं भेटतो असा समज आहे. माझं म्हणणं उलटं आहे: कामाची रीत नीट घातली, तर टीममधला जवळजवळ प्रत्येकजण असा तिसरा माणूस होऊ शकतो. आणि रीत चुकीची असेल, तर भल्या माणसांची टीमसुद्धा पहिल्या दोन प्रकारांत विभागली जाते.

आजच्या कोल्हापुरात डिझाइन टीम म्हणजे काय? राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या एखाद्या दुसऱ्या मजल्यावर चार-पाच माणसं. एक मालक, तोच बहुधा आर्ट डायरेक्टर. दोन ग्राफिकवाले, एखादी वेबसाइट आणि अ‍ॅपचे पडदे आखणारी मुलगी, एखादा नुकताच आर्ट स्कूलमधून आलेला. कामं म्हणाल तर मंडळाच्या गणपतीच्या फ्लेक्सपासून हॉस्पिटलच्या पाट्यांपर्यंत, मसाल्याच्या पाकिटापासून परदेशी कंपनीच्या अ‍ॅपपर्यंत. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या टीमही आता इथून चालतात. पण अभिप्रायाची तऱ्हा सगळीकडे साधारण सारखी. डिझाइन व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पडतं. एक अंगठा येतो. एक ‘लई भारी’ येतं. दोन तासांनी मालकांचा निरोप येतो: ‘मजा नाही येत. जरा वेगळं करा.’ मग तो मुलगा रात्री बसून सगळं बदलतो, आणि दुसऱ्या दिवशी कळतं की मालकांना फक्त फोन नंबर मोठा हवा होता.

‘लई भारी’ आणि ‘मजा नाही’ यांत एक साम्य आहे. दोन्हींत काही माहिती नाही. ऐकणाऱ्याचा जीव सुखावतो किंवा दुखावतो, पण काम पुढे कुठे न्यायचं हे कळत नाही. कोल्हापूरकर तोंडावर बोलतो, आडपडदा ठेवत नाही, असं आपण अभिमानानं सांगतो. तोंडावर बोलणं वेगळं आणि नेमकं बोलणं वेगळं, एवढंच इथे सुचवतो.

मानसशास्त्रात या विषयावर जे मोठं काम झालंय त्यात अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोघांचा 1996 सालचा अभ्यास आजही पहिला काढला जातो. त्यांनी आधीच्या कित्येक प्रयोगांचे 607 निष्कर्ष एकत्र मांडले. फीडबॅक दिला की काम सुधारतं, हा सर्वांचा समज. सरासरी बघितली तर तो खरा निघाला. पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम आधीपेक्षा बिघडलेलं होतं. त्यांनी दिलेलं कारण लक्षात ठेवण्याजोगं आहे. अभिप्रायानं माणसाचं लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं, ‘मी कसा आहे, माझ्याबद्दल यांना काय वाटतं’ इकडे वळलं, की कामाकडे द्यायचं बळ तिकडे खर्च होतं. गंमत म्हणजे हे स्तुतीलाही लागू पडतं. ‘तू आपल्या टीमचा हिरा आहेस’ हे वाक्य ऐकलेला माणूस पुढच्या वेळी हिरेपण सांभाळायच्या मागे लागतो. धाडस करत नाही.

म्हणून आधी दोन गोड शब्द, मधे टीका, शेवटी पुन्हा गोड शब्द, ही जी पद्धत व्यवस्थापनाच्या शिबिरांत शिकवतात, तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही. टीममधल्या माणसांना ती दोन आठवड्यांत ओळखू येते. मग गोड शब्द ऐकू आले की ते पोटात गोळा आणून पुढच्या वाक्याची वाट बघतात.

वेळेची गोष्ट याहून महत्त्वाची, आणि ती शिकायला कोल्हापूरकराला लांब जायला नको. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्रीत जावं.

लोखंडाचा एखादा भाग ओतायचा म्हणजे आधी ड्रॉइंग. त्यावरून पॅटर्न. पॅटर्न वाळूत दाबून साचा करायचा, पोकळ जागांसाठी कोअर बसवायचे, वितळलेला रस ओतायचा, थंड झाल्यावर साचा फोडायचा, फेटलिंग म्हणजे जादा धातू काढून साफसफाई करायची, मग मशिनिंग. ड्रॉइंग काढणारा इंजिनिअर पुण्यात नाहीतर चेन्नईत बसलेला. त्यानं भागाला सरळ उभ्या कडा दिल्या, तर मोल्डर सांगतो, ड्राफ्ट नाही, म्हणजे किंचित उतार नाही. पॅटर्न वर काढताना वाळू ढासळणार. आतला कोपरा काटकोनात ठेवला, तर तो सांगतो, इथे रेडियस द्या, नाहीतर तडा जाईल. एका ठिकाणी जाड भाग पातळ भिंतींच्या मधे अडकला असेल, तर अनुभवी माणूस ड्रॉइंगवर बोट ठेवून म्हणतो, इथे श्रिंकेज येणार. धातू थंड होताना आकसतो, पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग शेवटी गोठतो. तोवर त्याला रस पुरवणारा रस्ता बंद झालेला असतो, आणि पोटात पोकळी राहते. मग तिथे रायझर, म्हणजे रसाचा जादा साठा, कुठे द्यायचा, का मुळात जाडीच कमी करायची, यावर बोलणं सुरू होतं.

हे बोलणं ड्रॉइंगच्या वेळी झालं तर रेघ बदलायला काही लागत नाही. पॅटर्न झाल्यावर झालं तर पॅटर्न दुरुस्त करायचा खर्च आणि थोडे दिवस. ओतल्यावर कळलं तर अख्खा लॉट पुन्हा भट्टीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मशिनिंग करताना, गिऱ्हाइकाच्या शॉपमध्ये, टूलखाली ती पोकळी उघडी पडते. तेव्हा ओतकामाचा, मशिनिंगचा, वाहतुकीचा पैसा आणि वर शब्दाची पत, सगळं जातं. चूक तीच आहे. ती कुठल्या टप्प्यावर सापडली एवढाच फरक.

ग्राफिकच्या किंवा अ‍ॅपच्या कामाला नेमकी हीच शिस्त लावता येते, पण कुणी लावत नाही. पेन्सिलनं कच्चं रेखाटन दाखवलं की कुणीतरी म्हणतं, ‘वेलांटी चुकलीय.’ आणि छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी, प्रूफ हातात असताना, कुणीतरी म्हणतं, ‘मुळात हे पाकीट गावाकडच्या बायकांसाठी आहे की शहरातल्या?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत, फक्त त्यांची जागा अदलाबदल झाली आहे. कच्च्या टप्प्यावर हेतूबद्दल बोलावं, अर्ध्या टप्प्यावर मांडणीबद्दल, पक्क्या टप्प्यावर वेलांट्या, रंगाची छपाई आणि फोन नंबर. दाखवणाऱ्यानं सुरुवातीलाच ‘हे कच्चं आहे’ असं म्हणायची सवय लावली, तरी निम्मी भांडणं मिटतात.

फौंड्रीकडून दुसरी एक गोष्ट घ्यावी. तिथे दोषांना नावं आहेत: ब्लो होल, श्रिंकेज, कोल्ड शट, वाळू पडणं, कोअर सरकणं. रिजेक्शनच्या तक्त्यावर ती नावं येतात, आणि प्रत्येक नावामागे कारणांचा एक ठरावीक रस्ता आहे. कोल्ड शट म्हटलं की रसाचं तापमान आणि ओतायचा वेग तपासायचा. डिझाइनच्या टीमनंही आपल्या दोषांना नावं द्यावीत. नजर कुठे जावी हे कळत नाही. दोन गोष्टी सारख्याच मोठ्या आवाजात ओरडतायत. बटण बटणासारखं दिसत नाही. देवनागरीच्या मात्रा वरच्या ओळीला टेकतायत. अशी पंधरा-वीस नावं भिंतीवर असली की ‘मजा नाही येत’ म्हणणाऱ्याला विचारता येतं, यातलं कुठलं? चांगल्या फौंड्रीत रिजेक्शन आलं की पहिला प्रश्न असतो, कुठला डिफेक्ट? वाईट फौंड्रीत पहिला प्रश्न असतो, कुणाची शिफ्ट? डिझाइन ऑफिसातही पहिल्या प्रश्नावरून टीमची प्रकृती ओळखता येते.

कोल्हापुरात कलेचं काम टीमनं करण्याची परंपरा तशी शंभर वर्षांहून जुनी आहे. नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री घराण्यातले भाऊ. सिनेमा पाहून त्यांना वेड लागलं ते स्वतःचा कॅमेरा बनवायचं. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, आणि 1920 मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. सेट, पोशाख, पात्रांची रूपं बाबूराव आधी रेखाटून काढत. पोस्टरही रंगवत. 1924 च्या ‘कल्याण खजिना’चं त्यांचं पोस्टर हे आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं भारतीय चित्रपट-पोस्टर मानलं जातं. पुढे नाव काढलेले शांताराम, दामले, फत्तेलाल ही माणसं त्या कंपनीतच घडली.

पण ती गुरूची कंपनी होती. बाबूराव मालक, दिग्दर्शक आणि गुरू, सगळं एकाच वेळी. आपल्याकडच्या चित्रकलेच्या शिक्षणातही हीच चाल: मास्तर विद्यार्थ्याच्या मागे उभे राहतात, त्याच्या हातातून पेन्सिल घेतात, चार रेघांत खांदा जागेवर आणतात आणि पुढच्या बाकाकडे जातात. हात तयार करायला याच्यासारखी पद्धत नाही, हे मी मान्य करतो. डिझाइनला मात्र ती कमी पडते. कारण चित्र सुधारतं, पण ते का सुधारलं हे मास्तरांच्या मनातच राहतं. ऑफिसात सीनियरनं माऊस हातात घेतला की नेमकं हेच होतं. ज्युनिअरला पाच मिनिटांत चांगलं डिझाइन मिळतं आणि पाच वर्षांत काही कळत नाही.

1 जून 1929 रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली तेव्हा रचना बदलली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार. एक मालक आणि बाकी पगारी, असा मामला नाही. बोलपट आल्यावर ध्वनीची बाजू दामल्यांकडे, कलादिग्दर्शन फत्तेलालांकडे, कॅमेरा धायबरांच्या हातचा, पैशाचं बघणारे कुलकर्णी. प्रत्येकाचा एक प्रांत, आणि त्या प्रांतात त्याचा शब्द बाकीच्यांना ऐकावा लागणार, असा भागीदारीचा साचाच होता. पुढे पुण्याला गेल्यावर 1936 मध्ये ‘संत तुकाराम’ आला; त्यावर दिग्दर्शक म्हणून दामले आणि फत्तेलाल अशी दोन नावं आहेत, आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. एक ध्वनीचा माणूस आणि एक कलादिग्दर्शक मिळून एक चित्रपट उभा करतात, तेव्हा एकमेकांचं काम रोज तपासल्याशिवाय ते घडत नाही.

प्रभातची फसलेली गोष्टही तितकीच शिकवणारी आहे. 1933 मध्ये त्यांनी पुन्हा ‘सैरंध्री’ केला, या वेळी रंगीत करायच्या इराद्यानं. छपाईची सोय इथे नव्हती, म्हणून फिल्म जर्मनीत गेली. रंग मनासारखे उतरले नाहीत. कसब कमी होतं असं नाही. रंग लावणारा हात आणि रंग दिसणारा डोळा यांच्यामधे एक अख्खा समुद्र होता. चुकलंय हे कळेपर्यंत सेट मोडलेले, पोशाख पेटीत. अभिप्राय कितीही उत्तम असो, त्याला यायला इतका वेळ लागला तर तो पोस्टमॉर्टम होतो. आज बंगळुरूच्या क्लायंटसाठी काम करणारी कोल्हापूरची टीम महिनाभर एकटी राबते आणि शेवटी एकदम ‘प्रेझेंटेशन’ देते, तेव्हा ती समुद्र नसतानाही समुद्र खोदून ठेवते.

अधिकार आणि अभिप्राय वेगळे ठेवण्याचा आधुनिक जगातला सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या पिक्सार स्टुडिओचा. तिथे तयार होत असलेला चित्रपट काही अनुभवी दिग्दर्शक आणि लेखक अधूनमधून बघतात आणि मोकळेपणी दोष सांगतात. या मंडळाला नाव आहे ब्रेनट्रस्ट. त्याचा कणा एका नियमात आहे, असं स्टुडिओचे एक संस्थापक एड कॅटमल सांगतात: या मंडळाला कसलाही अधिकार नाही. त्यांनी सांगितलेलं दिग्दर्शकानं केलंच पाहिजे असं नाही. दुखणं कुठे आहे ते त्यांनी दाखवायचं, औषध दिग्दर्शकानं शोधायचं. हुकूम येणार नाही हे पक्कं ठाऊक असलं की ऐकणाऱ्याचे कान उघडतात.

आपल्याकडे अडचण बहुधा उलट्या टोकाला असते. बोलतो एकच, बाकीचे मान डोलावतात. ‘सर म्हणतील तसं.’ ही आदराची भाषा आहे आणि आदर वाईट नाही, पण त्यात माहिती अडकून पडते. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात हॉस्पिटलांतल्या टीमचा अभ्यास केला. चांगल्या टीमकडून औषधांच्या चुका कमी होत असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे आले: चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला. त्या टीम चुका जास्त करत नव्हत्या. चुका उघड बोलत होत्या. बाकीच्या ठिकाणी चुका झाकल्या जात होत्या. म्हणून ज्या ऑफिसात ‘आमच्याकडे कधी मतभेद होत नाहीत’ असं मालक कौतुकानं सांगतात, तिथल्या कामाकडे मी जरा जास्त बारकाईनं बघतो.

गप्प बसण्याची आणखी दोन कारणं इथली, आपली. एक भाषेचं. गडहिंग्लज, भुदरगड, शाहूवाडीकडून आलेला मुलगा डोळ्यानं तरबेज असतो. पण मीटिंग इंग्रजीत सुरू झाली की तो शब्द जुळवत बसतो, आणि जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. क्लायंट नसेल त्या बैठकीत मराठीत बोला, इतका साधा उपाय आहे. दुसरं कारण, टीममध्ये एकच मुलगी असेल तर तिचं मत ऐकलं जातं ते ‘लेडीज अँगल’ म्हणून. तिनं ग्रिडबद्दल बोललेलं कुणाच्या लक्षातच येत नाही. दहा मिनिटांनी तेच एखादा ‘दादा’ बोलतो आणि सगळ्यांना पटतं.

मग बैठक चालवायची कशी? नृत्य बसवणाऱ्या अमेरिकन कलावंत लिझ लर्मन यांनी 1990 च्या सुमारास यासाठी एक क्रम घालून दिला, आणि नाटकवाल्यांपासून डिझाइनवाल्यांपर्यंत अनेकांनी तो उचलला. आधी बघणाऱ्यांनी कामात त्यांना काय जाणवलं, कशानं धरून ठेवलं तेवढंच सांगायचं. मग करणाऱ्यानं आपले प्रश्न विचारायचे. मग बघणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, पण प्रश्नाच्या पोटात मत दडवायचं नाही. आणि शेवटी, करणाऱ्याची परवानगी घेऊन, मत.

कोरडा क्रम वाटतो, म्हणून एक उदाहरण कल्पून बघू. समजा, एका गुऱ्हाळवाल्याच्या रसायनमुक्त गुळाचं पाकीट करायचं आहे. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, त्यामुळे नाव मोठं, बाजारही मोठा. डिझायनरनं पाकिटावर गुळाची पिवळीधमक ढेप काढली आहे. नेहमीच्या बैठकीत संवाद असा होतो: ‘पिवळा जास्त वाटतोय.’ ‘सर, गूळ पिवळाच असतो.’ ‘तरी बघ जरा.’ संपलं. आता क्रमानं जाऊ. पहिला म्हणतो, मला आधी ढेप दिसली, मग गुऱ्हाळाचं नाव. ‘रसायनमुक्त’ हा शब्द सगळ्यात शेवटी. करणारी विचारते, रंगामुळे स्वच्छ, ताजं वाटतं का? दुसरा म्हणतो, वाटतं. मग प्रश्न येतो: पाकिटाच्या आत प्रत्यक्ष कुठल्या रंगाचा गूळ असणार? खोलीत क्षणभर शांतता. कारण रसायनं न घातलेला गूळ गडद, तपकिरीकडे झुकणारा असतो. गिऱ्हाइकानं पिवळं चित्र बघून पाकीट घेतलं आणि आतून तपकिरी ढेप निघाली, तर फसवलं गेल्यासारखं त्यालाच वाटणार, तेही नेमक्या प्रामाणिक मालाबद्दल. एका साध्या प्रश्नानं डिझाइनचा अख्खा मुद्दा फिरला: तपकिरी रंग लपवायचा नाही, तोच पुढे आणायचा. ‘पिवळा जास्त वाटतोय’ म्हणणाऱ्याचा डोळा चुकला नव्हता. त्याला कारणापर्यंत जायची वाट मिळाली नव्हती, इतकंच.

यात दोन-तीन सवयी मिसळल्या की पुरे. सगळ्यांत ज्येष्ठ माणसानं सगळ्यांत शेवटी बोलावं. तो आधी बोलला की बैठक तिथेच संपते. बोलण्याआधी प्रत्येकानं दोन मिनिटं गप्प बसून आपलं मत चिठ्ठीवर लिहावं, म्हणजे पहिल्या बोलणाऱ्याच्या मागे सगळे वाहत जात नाहीत. जिचं डिझाइन आहे तिनं उत्तरं देत बसू नये, लिहून घ्यावं. आणि पुढच्या बैठकीत यातलं काय घेतलं, काय सोडलं, का सोडलं, हे सांगावं. शेवटची सवय सर्वांत दुर्लक्षित आहे. आपण सांगितलेलं कुठे गेलं हेच कळलं नाही, तर माणूस तिसऱ्यांदा सांगत नाही.

खोलीत कोण असावं, हा प्रश्नही याच विषयातला. जून 2025 मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या फॅशन कंपनीनं पुरुषांच्या संग्रहात कोल्हापुरी चपलेसारखी पादत्राणं दाखवली, आणि वर्णन केलं ते नुसतं चामड्याच्या सँडल असं. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय; महाराष्ट्र आणि कर्नाटकातले चार-चार जिल्हे त्यात येतात. इथून ओरड झाली, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं, कंपनीनं भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं आणि जुलैमध्ये तिची माणसं कोल्हापुरात कारागिरांना भेटायला आली. ‘हे कुणाचं आहे?’ हा प्रश्न डिझाइनच्या टेबलावर विचारायचा असतो. तो जगभरच्या समाजमाध्यमांवर विचारला गेला. आपण मिलानला नावं ठेवली, ठीकच केलं. पण आपल्या शहरातले किती डिझायनर चपलेचा नवा नमुना आखताना कानाची जागा, वेणीची रुंदी, तळाचे थर यांबद्दल कारागिराला आधी विचारतात? शिवणाऱ्याला पहिल्या बैठकीत बोलावण्याऐवजी शेवटी ‘एवढं करून द्या’ म्हणून कागद पाठवणं, हीसुद्धा तीच चूक, लहान मापाची.

याचा अर्थ सगळ्यांचं सगळं ऐकावं असा नाही. दहा जणांच्या सूचना घातलेलं पोस्टर दहा जणांनी केल्यासारखंच दिसतं. मतं सगळ्यांनी द्यावीत, निर्णय एकानं घ्यावा, आणि तो एक कोण हे बैठक सुरू होण्याआधी ठरलेलं असावं. ज्याचा निर्णय, त्याचीच जबाबदारी. यात लोकशाही आणू नये.

टीम चालवणाऱ्यांना शेवटी एक विनंती आहे. क्लायंटसमोर काम मांडताना ज्याच्या सूचनेनं ते सुधारलं, त्याचं नाव घ्या. ‘रंगाचा प्रश्न आमच्या या सहकाऱ्यानं काढला’ एवढं एक वाक्य. चित्रपटाच्या सुरुवातीला नावांची पाटी असते, पाकिटाच्या मागे किंवा अ‍ॅपच्या पडद्यावर ती नसते. त्यामुळे हे वाक्य तुम्ही बोलला नाहीत तर ते कुठेच नोंदलं जाणार नाही.